बुद्धिबळ ऑलिंपियाड वहीत कसं उतरवावं

दोनशे पानी, एकेरी रेघांची, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घ्या. स्प्रिंगची नको. तिची पानं सुटतात, आणि दोन वर्षांनी पुढचं ऑलिंपियाड, म्हणजे देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा, आलं की मागचं जे पान हवं असतं नेमकं तेच गळालेलं असतं. माझी वही २०१४ पासूनची आहे. पहिल्या पानावर ट्रॉम्सो, नॉर्वे. परिमार्जन नेगी, सेतुरामन, शशिकिरण, अधिबन, ललित बाबू, आणि खाली लाल पेनाने लिहिलेलं ‘कांस्य’. त्या संघात आनंद नव्हता. तरी पदक आलं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ऑलिंपियाड ही एका मोठ्या खेळाडूची गोष्ट नसते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, पोस्टात काउंटरला असते. बुद्धिबळ माझं नव्हे, अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते तरुणपणी इथल्या नूतन बुद्धिबळ मंडळात खेळायला जायचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभं केलेलं ते मंडळ, आणि त्यामुळे सांगलीत बुद्धिबळाचं नाव घेतलं की माणसं अजून आदराने बोलतात. आता अण्णांना काचबिंदू आहे. अक्षरं दिसत नाहीत, पण सोंगट्या हाताला कळतात. म्हणून फोन मी बघते, चाल मी वाचते, ते लाकडी पटावर ती करतात आणि निकाल मी वहीत लिहिते. इतक्या वर्षांत या कामाची एक पद्धत बसली आहे. आमच्या काउंटरवर येणारी माणसं विचारतात, “काय हो, भारत जिंकला का?” त्यांना एका शब्दात सांगता येतं. पण ज्याला तो निकाल खरंच समजून घ्यायचा आहे त्याच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक २०२४ च्या बुडापेस्टची देते. एकतर तिथे खुल्या गटात आणि महिला गटात, दोन्हीकडे सुवर्ण आपलं होतं. दुसरं म्हणजे ती पानं मला पाठ आहेत.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी दोन पानं भरून ठेवायची. डाव्या पानावर खुला गट, उजव्या पानावर महिला. प्रत्येक संघात पाच जण असतात आणि एका सामन्यात चार खेळतात. पाच नावं संघाने दिलेल्या क्रमानेच लिहा. तो क्रम पूर्ण स्पर्धेत बदलत नाही. बुडापेस्टला खुल्या गटात गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन एरिगैसी, विदित गुजराथी, पेंटला हरिकृष्ण असा होता आणि कर्णधार श्रीनाथ नारायणन. महिलांमध्ये हरिका द्रोणवल्ली, वैशाली, दिव्या देशमुख, वंतिका अग्रवाल, तानिया सचदेव, आणि कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. नाशिकचा विदित, नागपूरची दिव्या आणि पुण्याचे कुंटे, या तिघांच्या नावाखाली अण्णांनी मला रेघ मारायला लावली होती.

क्रम लिहून ठेवण्याचं कारण असं की पहिल्या पटावरचा विश्रांती घेतो तेव्हा खालचे सगळे एकेक पट वर सरकतात. बुडापेस्टच्या पहिल्या फेरीत मोरोक्कोविरुद्ध गुकेश बसला नाही, तर प्रज्ञानंद पहिल्या पटावर आला, अर्जुन दुसऱ्या, विदित तिसऱ्या, हरिकृष्ण चौथ्या. क्रम समोर नसेल तर माणूस गोंधळतो, “अर्जुन दुसऱ्या पटावर कसा?” म्हणतो, आणि कर्णधाराने काही डाव टाकला असं त्याला वाटायला लागतं. तसं काही नसतं.

मग प्रत्येक फेरीचं एक पान आखायचं. चार आडव्या ओळी, चार पटांच्या. उभे रकाने: आपला खेळाडू, कुठली मोहरी, समोरचा, निकाल. मोहऱ्यांचा नियम सोपा आहे. एका संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी, दुसऱ्या संघाला दुसऱ्या आणि चौथ्यावर. त्यामुळे एका पटाची मोहरी कळली की चारही भरता येतात. उजवीकडे दोन बोटं समास सोडा. तो पुढे लागणार आहे.

वेळेचं गणित आधी करून ठेवा, ते सगळ्यांत उपयोगाचं आहे. हंगेरीत उन्हाळी वेळ असते तेव्हा आपण साडेतीन तास पुढे. तिथली दुपारी तीनची फेरी आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला. ११ सप्टेंबर २०२४ ला पहिली फेरी होती, आणि आमच्याकडे त्याच दिवशी गौरीपूजन. सोळा भाज्या, पुरणपोळी, बायकांचं येणंजाणं, आणि गौरीच्या मखराशेजारी खुर्चीत पट मांडून बसलेले अण्णा. सुट्टीचा दिवस १७ ला होता, नेमकी अनंत चतुर्दशी. म्हणजे पहिल्या सहा फेऱ्या गणपतीच्या दिवसांत आणि उरलेल्या पाच विसर्जनानंतर. कॅलेंडरवर असं एकदा मांडलं की आपले सणवार, पाहुणे, ऑफिसचे उशिराचे दिवस यांच्यात फेऱ्या कुठे बसतात ते दिसतं. शेवटची फेरी बहुतेक वेळा लवकर सुरू होते, बक्षीस समारंभ त्याच दिवशी असतो म्हणून. बुडापेस्टची २२ सप्टेंबरची फेरी आपल्याकडे दुपारी अडीचला होती. हे ठाऊक नसलेली माणसं साडेसहाला टीव्ही लावतात आणि सगळं संपलेलं असतं.

आता गजर कधीचा लावायचा ते सांगते. ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक खेळाडूला पहिल्या ४० चालींसाठी ९० मिनिटं मिळतात, पुढे ३० मिनिटं, आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद वाढतात. ४० चालींचे ३०-३० सेकंद म्हणजे २० मिनिटं. ९० आणि २० मिळून ११०. दोघांचे २२० मिनिटं, म्हणजे तीन तास चाळीस मिनिटं. साडेसहाला सुरू झालेली फेरी दहा वाजून दहा मिनिटांनी चाळिसाव्या चालीच्या आसपास असते, आणि तिथे घड्याळाची सगळ्यांत मोठी घाई असते. चांगले चांगले खेळाडू त्या दहा-पंधरा मिनिटांत चुकतात. तुम्हाला पूर्ण संध्याकाळ देता येत नसेल तर साडेनऊ ते साडेदहा एवढा तास द्या. जेवणं आटोपून, भांडी घासायला टाकून बसा. सामना त्या तासात फिरतो.

कोण कोणाशी खेळणार हे आदल्या संध्याकाळी-रात्री जाहीर होतं, आणि कोणते चार जण बसणार ते फेरीच्या दिवशी. जोड्या स्विस पद्धतीने लावतात, म्हणजे सारखे गुण असलेले संघ एकमेकांसमोर येतात. अकरा फेऱ्या असतात आणि देश पावणेदोनशेहून जास्त, त्यामुळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नसतं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवायची. पहिल्या दोन फेऱ्यांतल्या ४-० ने हुरळून जायचं नाही. मोरोक्को आणि आइसलँड, दोघांविरुद्ध आपण ४-० जिंकलो होतो. ते जिंकायलाच हवे होते. खरी स्पर्धा पाचव्या-सहाव्या फेरीपासून, जेव्हा जिंकणारे जिंकणाऱ्यांना भेटतात.

निकालासाठी मी चेस-रिझल्ट्स हे संकेतस्थळ वापरते. दिसायला साधं आहे, नुसते तक्ते, पण अधिकृत आकडे तिथे असतात आणि जुन्या फोनवरही उघडतं. त्यात स्पर्धा शोधा, खुल्या आणि महिला गटाची पानं वेगवेगळी आहेत हे बघून घ्या. ‘बोर्ड पेअरिंग्ज’मध्ये चारही पटांची नावं मिळतात. देशाचं नाव निवडलं तर आपल्या संघाचं स्वतंत्र पान उघडतं आणि त्यात प्रत्येक खेळाडूचा फेरीवार निकाल एका ओळीत येतो. मी वहीतलं पान त्याच ओळीशी ताडून बघते. स्पर्धा संपून काही दिवस झाले की हे पान अर्धंच दिसतं. घाबरू नका, वर एक बटण येतं, ‘शो टूर्नामेंट डिटेल्स’, ते दाबलं की पूर्ण उघडतं. माझ्या भाचीने हे दाखवलं तोपर्यंत मला वाटायचं जुनी पानं पुसून टाकतात.

चालू डाव बघायला लिचेस हे संकेतस्थळ चांगलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. ‘ब्रॉडकास्ट’मध्ये जाऊन फेरी निवडायची आणि आपले चार पट उघडून ठेवायचे. समालोचन ऐकायचं असेल तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या यूट्यूब वाहिनीवर इंग्रजीत असतं, आणि चेसबेस इंडियाच्या वाहिनीवर भारतीय खेळाडूंवर जास्त वेळ देतात, मधून हिंदीही कानावर पडतं. आम्ही समालोचन पहिला तासभर लावतो, मग आवाज बंद करतो. अण्णा म्हणतात, दुसऱ्याने विचार केला की आपला विचार थांबतो.

चाली इंग्रजी अक्षरांत येतात. के म्हणजे राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट, आणि घोडा मात्र एन, कारण के राजाने घेतलेलं असतं. प्याद्याला अक्षर नाही, नुसतं घर लिहितात. दोन दिवसांत सवय होते. मी आवाजात वाचताना “घोडा एफ तीन” असंच वाचते, अण्णांचा हात बरोबर जातो.

डाव संपताना कधी कधी पडद्यावर फार विचित्र चाल दिसते. राजा एकदम पटाच्या मधोमध उडी मारून येतो. ती चाल नसते. मोठ्या स्पर्धांत पटाला तारा जोडलेल्या असतात आणि डाव संपला की दोन्ही राजे मधल्या चार घरांत ठेवून निकाल कळवतात. दोन्ही राजे पांढऱ्या घरांत असतील तर पांढरी मोहरी जिंकली, काळ्या घरांत असतील तर काळी, एक पांढऱ्यात एक काळ्यात तर बरोबरी. हे अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या पटावर दोन्ही राजे मध्ये ठेवून बोटांनी चाचपून बघितले. आता आमच्या घरीही डाव संपला की राजे तसेच ठेवतात. शिवाय काही स्पर्धांत गैरप्रकार टाळायला चाली मुद्दाम काही मिनिटं उशिरा दाखवतात. म्हणून कोणी आधीच निकाल सांगितला आणि तुमच्या पडद्यावर अजून डाव चालू असेल तर तुमचं नेट खराब आहे असं समजू नका.

आता ती पट्टी. पडद्यावर पटाशेजारी एक उभी पट्टी असते, पांढरी-काळी, संगणकाच्या मते कोण वरचढ आहे ते दाखवणारी. ती झाकून ठेवा. लिचेसवर बंद करता येते. हे मी चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये शिकले आणि शिकताना वाईट वाटलं. २०२२ ला चेन्नईजवळ महाबलीपुरमला ती स्पर्धा होती, यजमान म्हणून आपले तीन संघ खुल्या गटात होते. दुसऱ्या संघातला गुकेश पहिल्या पटावर सलग आठ डाव जिंकलेला. दहाव्या फेरीत त्याच्यासमोर उझबेकिस्तानचा अब्दुसत्तोरोव. डाव गुकेशचा होता, पट्टी पूर्ण आपल्या बाजूला झुकलेली. मी अण्णांना सांगून टाकलं, “जिंकला.” त्यांनी समाधानाने पट आवरला, सोंगट्या पेटीत घातल्या. मी दूध तापवायला आत गेले. परत येऊन बघते तर घड्याळाच्या घाईत गुकेशच्या हातून चूक झाली होती आणि तो डाव हरला होता. तिसऱ्या पटावर प्रज्ञानंद जिंकला म्हणून सामना २-२ बरोबरीत सुटला, पण सोन्याची वाट तिथे बंद झाली. उझबेकिस्तानला सुवर्ण मिळालं, आपल्या दुसऱ्या संघाला कांस्य. मला अण्णांना पुन्हा सांगावं लागलं की नाही, हरला. ते काही बोलले नाहीत. पेटी उघडून त्यांनी सोंगट्या परत लावायला घेतल्या आणि म्हणाले, “शेवटच्या दहा चाली वाच.” तेव्हापासून आमच्याकडे पट्टी बंद असते आणि निकाल अधिकृत तक्त्यात आल्याशिवाय वहीत चढत नाही. पट्टीला घड्याळ दिसत नाही. समोर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाची छाती कशी धडधडते आहे ते तर नाहीच नाही.

पट्टीऐवजी समास वापरा. तासातासाला प्रत्येक पटापुढे एकच शब्द लिहायचा: बरं, सारखं, किंवा अवघड. सोबत दोघांच्या घड्याळातली उरलेली मिनिटं. एवढंच. चार शब्द खालून वर वाचले की सामना कुठे चालला आहे ते कळतं. हे तुमचं मत असू द्या, चुकलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी ताडून बघताना आपली नजर कुठे कमी पडली ते समजतं, आणि नजर अशीच तयार होते.

आता सामन्याचा निकाल. चार पट, प्रत्येक पटाचा एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. चारपैकी अडीच झाले की सामना आपला. सामना जिंकला की संघाला दोन गुण, बरोबरीला एक, हरला तर शून्य. क्रमवारी या सामन्याच्या गुणांवर लागते. ४-० जिंका की २½-१½ जिंका, दोनच मिळतात. बातम्या वाचणारे बहुतेक लोक इथे घोटाळा करतात, पटांचे गुण मोजत बसतात.

म्हणूनच अडीच या आकड्याभोवती सगळा सामना फिरतो. आपले दोन गुण झालेत, समोरच्याचा एक, आणि शेवटचा डाव चालू आहे. त्या खेळाडूला बरोबरी पुरते. अशा वेळी जिंकण्याची थोडी संधी सोडून तो बरोबरी घेतो तेव्हा त्याला घाबरट म्हणू नका. कर्णधार त्याला डावाबद्दल एक शब्द सांगू शकत नाही, पण बरोबरी मागायची की घ्यायची एवढं सांगू शकतो, आणि तो संघासाठी सांगतो. उलट आपण एकाने मागे असू तर सारखा दिसणारा डावही ओढत, ताणत न्यावा लागतो. तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजतात. मला सकाळी नऊला काउंटरवर बसायचं असतं, तरी असे डाव मी सोडत नाही. थकलेल्या माणसाने संघासाठी पाचव्या तासाला केलेली चाल बघायला मिळते ती फक्त याच स्पर्धेत. आणि ऑलिंपियाडमध्ये तीस चालींच्या आत आपसात ठरवून बरोबरी करता येत नाही, म्हणून पहिल्या तासातच कोणी हात मिळवले तर बहुधा तीच स्थिती तीनदा आलेली असते.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं उतरवते. दहावी फेरी, २१ सप्टेंबर, शनिवार, अमेरिका. पहिला पट: गुकेश, समोर करुआना, १. दुसरा: प्रज्ञानंद, समोर वेस्ली सो, ०. तिसरा: अर्जुन, समोर डोमिंगेझ, १. चौथा: विदित, समोर अरोनियन, ½. बेरीज २½. हे पान मी नवख्या माणसाला नेहमी दाखवते, कारण यात सगळं आहे. एक पट हरला, एक बरोबरीत सुटला, आणि तरी सामना आपला. विदितच्या अर्ध्याला बातमीत जागा मिळत नाही. तो अर्धा काढून बघा, काय उरतं ते.

त्याच रात्री उजव्या पानावर महिलांची चीनशी लढत होती. आठव्या फेरीत त्या पोलंडकडून १½-२½ हरल्या होत्या, नवव्या फेरीत अमेरिकेशी २-२. पहिल्या सात फेऱ्या सलग जिंकून मिळवलेली आघाडी गेलेली. चेन्नईची आठवण ताजी होती. तिथेही आपल्या महिला पुढे होत्या आणि शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून १-३ हरून कांस्यावर थांबल्या होत्या. त्या संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि हरिका प्रसूतीचे दिवस जवळ आलेले असताना खेळत होती. त्यामुळे २१ तारखेला मी महिलांचे पट मोठे करून ठेवले आणि खुला गट छोटा. तीन पट बरोबरीत सुटले. तिसऱ्या पटावर दिव्याने नी शिचुनला हरवलं. २½-१½. अण्णांनी तो डाव दोनदा मांडून बघितला, दुसऱ्यांदा मला न विचारता, आठवणीने. एकोणीस वर्षांपेक्षा कमी वयाच्या मुलीने संघाचा भार असा उचललेला बघून त्यांचे डोळे भरले होते.

दोन्ही गट बघा, हे मी कळकळीने सांगते. पुष्कळ जण फक्त खुला गट बघतात आणि महिलांचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतात. खुल्या गटात हॅमिल्टन-रसेल चषक असतो, महिलांचा वेरा मेंचिक चषक, आणि दोन्ही गटांची कामगिरी मिळून नोना गाप्रिंदाश्विलींच्या नावाचा तिसरा चषक असतो. तो चेन्नईतही आपल्याला मिळाला आणि बुडापेस्टलाही. एकच पान वाचणाऱ्याला तो कुठून आला ते कळणारच नाही.

फेरी संपली की क्रमवारीचं पान. तिथे पहिला आकडा सामन्याचे गुण. त्यापुढे ‘टीबी’ अशा नावाचे तीन-चार रकाने असतात, ते बरोबरी फोडण्याचे. पहिल्या रकान्याचं गणित असं: तुम्ही ज्या संघाशी खेळलात त्याचे स्पर्धेअखेर झालेले सामन्याचे गुण, गुणिले तुम्ही त्याच्याविरुद्ध पटांवर मिळवलेले गुण. ३-१ ने हरवलेल्या संघाचे शेवटी १४ झाले तर तुम्हाला ४२. अशी सगळ्या फेऱ्यांची बेरीज, त्यातून सर्वांत कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळायचा. म्हणजे ४-० आणि २½-१½ यांतला फरक इथे कामाला येतो. आणि हा आकडा शेवटच्या फेरीपर्यंत हलत राहतो, कारण तुम्ही हरवलेले संघ अजून खेळत असतात. म्हणून मधल्या फेऱ्यांत तो वहीत लिहू नका, फुकट खाडाखोड होते. शेवटी मात्र लागतो. बुडापेस्टला अमेरिका, उझबेकिस्तान आणि चीन तिघांचे १७ झाले. याच रकान्याने अमेरिकेला रौप्य दिलं, उझबेकिस्तानला कांस्य, आणि चीनला चौथ्या जागी पाठवलं. आपले २१ होते. नवव्या फेरीत उझबेकिस्तानशी झालेली २-२ बरोबरी सोडली तर सगळे सामने जिंकलो होतो, आपल्याला त्या रकान्याची गरजच पडली नाही. महिलांचे १९ झाले आणि त्याही एकट्याच त्या आकड्यावर होत्या.

वैयक्तिक पदकं वेगळी. ती पटानुसार देतात आणि नुसत्या गुणांवर नाही, कोणाशी खेळून ते मिळवले त्यावर काढलेल्या कामगिरीच्या आकड्यावर. किमान आठ डाव खेळावे लागतात. गुकेशचे पहिल्या पटावर १० पैकी ९, कामगिरीचा आकडा ३०५६. अर्जुनचे तिसऱ्या पटावर ११ पैकी १०. दिव्याचे ११ पैकी ९½, वंतिकाचे ९ पैकी ७½. चौघांनाही सुवर्ण.

स्पर्धा संपल्यावर एक ताळा करायचा, पोस्टात रोकड बंद करताना करतो तसा. खेळाडूंच्या गुणांची आडवी बेरीज आणि फेऱ्यांची उभी बेरीज जुळली पाहिजे. बुडापेस्टचा खुला गट घ्या. गुकेश ९, प्रज्ञानंद ५½, अर्जुन १०, विदित ७½, हरिकृष्ण ३. बेरीज ३५. आता फेऱ्या: ४, ४, ३½, ३½, ३, ३, २½, ३½, २, २½, ३½. बेरीज ३५. डाव किती? १०, १०, ११, १०, ३, म्हणजे ४४, आणि अकरा फेऱ्यांचे चार-चार पट ४४. जुळलं. जुळलं नाही तर कुठेतरी अर्धा चुकलाय, तो शोधा. मला एकदा असा अर्धा शोधायला रात्रीचा एक वाजला होता. हा ताळा करताना प्रत्येक नावाशी आपण थांबतो. प्रज्ञानंदाचे साडेपाच कमी दिसतात, पण त्याच्या ओळीतली समोरची नावं वाचा, मग बोला. हरिकृष्ण तीन डाव खेळला, तिन्ही जिंकला, आणि बाकीचे आठ दिवस तयारी करून बाहेर बसला. वहीत त्याच्या ओळीत आठ रिकामे चौकोन आहेत. अण्णांनी मला ते चौकोन कोरे ठेवू दिले नाहीत, प्रत्येकात एक टिंब काढायला लावलं.

शेवटच्या रविवारी, २२ तारखेला, मी दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून बसले होते. खुल्या गटात स्लोव्हेनिया ३½-½. महिला, अझरबैजान ३½-½. दोन्ही आकडे सारखे आले म्हणून मी आधी घाबरले, एकच निकाल दोनदा लिहिला की काय. तक्ता पुन्हा उघडला, एकेक पट ताडला, मग लाल पेन काढलं.

पुढचं ऑलिंपियाड २०२६ ला उझबेकिस्तानात आहे. ते आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे, म्हणजे तिथली दुपारी तीनची फेरी आपल्याकडे साडेतीनला आणि घाईची वेळ सात वाजून दहा मिनिटांनी. रात्री जागायला नको हे चांगलं, पण नोकरदार माणसाचे पहिले दोन तास हातून जातात. माझं काउंटर तेव्हा चालू असतं. मी भाचीला सांगून ठेवलंय, कॉलेजातून आली की तिने अण्णांजवळ बसून चाली वाचायच्या आणि समासात शब्द लिहायचे. तिला पट कळतो, घोडा एन कसा तेही कळतं. वहीत अजून एकसष्ट पानं शिल्लक आहेत, आणि बुडापेस्टला दोन्ही गट मिळून सव्वीस लागली होती.